कुलूप, किल्ली आणि हिराइसा

बऱ्याच दिवसांत इथे काही लिहिलं नव्हतं. आधी डोळ्याचं ऑपरेशन झालं, मग पाऊस, मग नुसता आळस. पण गेल्या आठवड्यात एका जुन्या सहकाऱ्याचा फोन आला. आवाज अगदी रडवेला. "सर, कॉम्प्युटरवरच्या सगळ्या फायलींची नावं बदललीत. एकही उघडत नाही. वर पैसे मागतायत." मी त्यांना आधी इंटरनेटची वायर काढायला लावली आणि मग तासभर आम्ही बोलत बसलो. फोन ठेवल्यावर वाटलं, हे सगळं एकदा लिहूनच टाकावं. २०२० साली माझ्यावरही हीच वेळ आली होती. घरातल्या दोघा-तिघांना ते माहीत आहे, पण पूर्ण हकिगत मी कुणालाच सांगितलेली नाही. लाज वाटत होती. का, ते पुढे येईलच.

मी मूळचा नेवासे तालुक्यातला. (जिल्ह्याचं नाव आता अहिल्यानगर झालंय, पण आम्हा जुन्यांच्या तोंडी 'नगर'च बसलेलं आहे, सांभाळून घ्या.) आमच्या तालुक्यात ज्ञानेश्वरी सांगितली गेली, आणि आमच्याच तालुक्यात शनिशिंगणापूर आहे, जिथे घरांना दारं नाहीत म्हणून कुलपंही नाहीत. २०११ साली एका बँकेने तिथे बिनकुलपाची शाखा उघडली तेव्हा साऱ्या देशातल्या वर्तमानपत्रांत बातमी आली होती. अशा तालुक्यातल्या माणसाने कुलपांचा इतिहास लिहायला बसावं, हा एक विनोदच. पण मला बसलेलं कुलूप पत्र्याच्या पेटीचं नव्हतं.

आधी कुलपात काय अडकलं ते सांगतो.

मी २००८ साली निवृत्त झालो. दुसऱ्याच वर्षी भाचीने मला एक छोटा ध्वनिमुद्रक आणून दिला आणि मी आईच्या जात्यावरच्या ओव्या टिपून घ्यायला लागलो. आई तेव्हा ऐंशीला टेकली होती. जातं केव्हाच अंगणात उलटं पडलेलं. पण तिला मांडी घालून बसवलं आणि हातात खुंटा दिल्यासारखा लाकडी दांडका दिला, की ती गायला लागायची. एकूण एक्केचाळीस ध्वनिमुद्रणं झाली. कुठलं पाच मिनिटांचं, कुठलं वीस. २०१२ साली आई गेली. मग मी एकेक ऐकून ओव्या टंकायला घेतल्या. वीस मुद्रणं झाली, एकवीस राहिली. शिवाय गावच्या इतिहासाची टिपणं होती, बारा वर्षांची. सगळं एकाच संगणकात. नक्कल? "करायचीय, करायचीय" म्हणता म्हणता राहून गेलेली.

२०२०चा जून. टाळेबंदीत वेळच वेळ. मुद्रणांत मागे खरखर फार होती, ती काढायला एक चांगला प्रोग्रॅम हवा होता. त्याची किंमत भारी. जालावर तोच 'फुकट' मिळत होता, कुलूप तोडलेला. मी उतरवून घेतला. मंडळी, छत्तीस वर्षं वर्गात "कॉपी करू नका" म्हणून ओरडलेला मास्तर मी! असो.

प्रोग्रॅम काही चालला नाही. त्याऐवजी विंडोज अपडेट होत असल्याची खिडकी आली आणि आकडे पुढे सरकायला लागले. मी म्हटलं, होऊ दे अपडेट, आणि चहा करायला गेलो. परत येईपर्यंत काम झालं होतं. प्रत्येक फाइलच्या नावाला मागे चार अक्षरांचं शेपूट आणि प्रत्येक फोल्डरमध्ये इंग्रजी चिठ्ठी. तुमच्या फायली कुलूपबंद केल्या आहेत, किल्ली ९८० डॉलरला मिळेल, ७२ तासांत बोललात तर निम्म्या किमतीत, खात्री म्हणून एक फाइल फुकट सोडवून देऊ. अगदी दुकानदारी भाषा. अपडेटची खिडकी खोटी होती. मी तिच्याकडे कौतुकाने बघत असताना तिच्या मागे आईचा आवाज बंद होत होता.

भाची अमेरिकेत, न्यू जर्सीला असते, संगणकातच काम करते. तिला उठवलं. ती पहिलं वाक्य बोलली ते असं, "मामा, आधी इंटरनेट काढा. आणि काहीही पुसू नका, ती चिठ्ठीसुद्धा नाही." पुढच्या महिनाभरात तिने मला जे शिकवलं आणि नंतर मी जे वाचलं, त्यातून हा इतिहास जमला.

*

लिखाणाला कुलूप घालणं आपल्याला नवं नाही. महानुभाव पंथाने आपले ग्रंथ शतकानुशतकं सांकेतिक लिप्यांत लिहिले. सकळ लिपी, सुंदरी लिपी, अंकलिपी अशा कितीतरी. एका अक्षराच्या जागी दुसरं अक्षर किंवा खूण. पोथी हातात असून वाचता यायची नाही, किल्ली पंथाच्या आत. मराठीतलं पहिलं गद्य चरित्र म्हणतात ते लीळाचरित्र आणि त्या काळचं बरंच वाङ्मय यामुळे बाहेरच्यांना माहीतच नव्हतं. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला इतिहासाचार्य राजवाड्यांनी सकळ लिपीचा उलगडा केला आणि मराठी वाङ्मयाच्या इतिहासाची सुरुवातच बदलली. बी.ए.ला आम्ही हे परीक्षेपुरतं वाचलं होतं. त्याचा अर्थ कळायला माझी स्वतःची पोथी बंद व्हावी लागली.

अशी अक्षरबदलाची कुलपं उघडता येतात, कारण भाषा मागे पाऊलखुणा ठेवते. कुठल्याही भाषेत काही अक्षरं फार वेळा येतात, काही क्वचित. ती मोजली की अंदाज बांधता येतो. अल-किंदी या अरबी पंडिताने हे नवव्या शतकातच लिहून ठेवलं आहे. म्हणून मला भाबडी आशा होती, की माझ्याही फायली कुणी हुशार माणूस बसून सोडवेल. भाची म्हणाली, "मामा, राजवाडे आले तरी नाही जमायचं." का, ते समजायला १९८९ साली जावं लागतं.

त्या वर्षीच्या डिसेंबरात लंडनहून सुमारे वीस हजार फ्लॉपी टपालाने जगभर गेल्या. कुणाला, तर एका संगणक मासिकाच्या वर्गणीदारांना आणि जागतिक आरोग्य संघटनेच्या एड्स परिषदेला गेलेल्यांना. वर लिहिलं होतं, एड्सविषयी माहिती. फ्लॉपी घालावी तर खरंच माहिती निघायची. पण संगणक साधारण नव्वदाव्यांदा चालू केला, की फायलींची नावं गिचमिड व्हायची आणि १८९ डॉलर पनामातल्या एका टपालपेटीवर पाठवा असं फर्मान यायचं. हे उद्योग जोसेफ पॉप नावाच्या जीवशास्त्रज्ञाचे. हार्वर्डचा पीएच.डी., माकडांचा अभ्यासक! पुढे पकडला गेला, पण मनःस्थिती ठीक नाही म्हणून ब्रिटनमध्ये त्याच्यावर खटला चालला नाही. त्याच्या कुलपात एक मोठी खोट होती. त्याने फायलींच्या आतल्या मजकुराला हात लावला नव्हता, फक्त नावं बदलली होती. आणि बंद करायची किल्ली तीच उघडायची किल्ली, ती प्रोग्रॅमच्या पोटातच. जिम बेट्स या तज्ज्ञाने ती काढली आणि सोडवणारा प्रोग्रॅम फुकट वाटला. म्हणजे हे राजवाड्यांना जमण्यासारखं होतं.

१९९६ साली ॲडम यंग आणि मोटी युंग या दोघा अभ्यासकांनी एक निबंध वाचला. त्यात त्यांनी आधीच सांगून ठेवलं, की ही खोट काढून टाकता येईल, तेव्हा सावध राहा. कसं, ते आमच्या गणिताच्या सरांच्या भाषेत सांगतो.

एक पेटी डोळ्यांसमोर आणा, जिचं कुलूप नुसतं दाबलं की बसतं. बंद कुणीही करावी. उघडायची किल्ली मात्र एकट्या मालकाकडे. १९७७ साली रिव्हेस्ट, शमीर आणि ॲडलमन यांनी असं कुलूप आकड्यांत बनवलं, त्याला आरएसए म्हणतात. ६१ आणि ५३ यांचा गुणाकार पाचवीतलं पोर करेल, ३२३३. पण ३२३३ कुठल्या दोन मूळ संख्यांचा गुणाकार, असं विचारलं तर पाटी भरते. आता ३२३३च्या जागी ६१७ आकडी संख्या घ्या. गुणाकार क्षणात होतो, उलटी वाट जगातल्या मोठमोठ्या संगणकांनाही अजून सापडलेली नाही. हेच कुलूप आपले बँकेचे व्यवहार सुरक्षित ठेवतं. वस्तू वाईट नाही, हात वाईट.

आणि म्हणूनच सगळी गंमत. हा प्रोग्रॅम तुमच्या घरात शिरतो तेव्हा फायली बंद करायला एक जलद, साधं कुलूप वापरतो. त्या साध्या कुलपाची किल्ली मग दाबून बसणाऱ्या पेटीत टाकतो आणि पेटी दाबतो. खटक! आता ती किल्ली तुमच्याच घरात, तुमच्याच टेबलावर आहे, पण पेटीत. पेटीची किल्ली चोराकडे. शिवाय विंडोज आपल्या मनाने काही जुन्या नकला बाजूला ठेवत असते, त्याही तो पुसून टाकतो. माझ्याकडे आलेल्या जातीचं नाव 'स्टॉप' किंवा 'डेजाव्हू'. फुकटच्या चोरट्या प्रोग्रॅममधून पसरणारी. आपल्याकडे फुकटाची आवड दांडगी, त्यामुळे भारतात तिने पुष्कळ घरं बसवली.

चोराकडे पैसे पोचायचा प्रश्न राहिला होता. पॉपला टपालपेटी द्यावी लागली. २००९ साली बिटकॉइन आलं आणि पत्ता न देता पैसे घ्यायची सोय झाली. २०१३ साली 'क्रिप्टोलॉकर'ने हे सगळे धागे एकत्र विणले आणि धंदा उभा राहिला. आपल्या इतिहासात खंडणी काही नवी नाही. पण फौज दाराशी उभी असायची, निदान दिसायची तरी!

*

मला आधी वाटे, हे परदेशातलं लफडं. तर २०१६च्या मे महिन्यात मंत्रालयातलेच सुमारे दीडशे संगणक 'लॉकी' नावाच्या जातीने अडवले होते. २०२१च्या मार्चमध्ये आपल्या औद्योगिक विकास महामंडळाची, म्हणजे एमआयडीसीची, यंत्रणा बंद पडली. ३१ जुलै २०२४ला तर सहकारी आणि ग्रामीण बँकांना यंत्रणा पुरवणाऱ्या एका कंपनीवर असाच हल्ला झाला, आणि देशातल्या सुमारे तीनशे छोट्या बँकांचे यूपीआयसारखे व्यवहार खबरदारी म्हणून थांबवावे लागले. सहकाराच्या आमच्या जिल्ह्यात छोटी बँक म्हणजे काय ते वेगळं सांगायला नको. सुदैवाने दुसऱ्या दिवशी गाडी रुळावर आली.

पण मला सर्वांत शिकवून गेली ती न्हावाशेव्याची गोष्ट. २७ जून २०१७. जवाहरलाल नेहरू बंदर, जिथून आमच्या नगर-नाशिकचा कांदा परदेशी जातो. तिथला एक टर्मिनल मर्स्क या डॅनिश जहाज-उद्योगाच्या गटाकडे होता. त्या दिवशी त्याचं संगणकी काम ठप्प झालं. कुठला डबा कुठे ठेवलाय आणि कुठल्या जहाजावर चढवायचा, हे सगळं संगणकात. तोच बंद, त्यामुळे कंटेनरच्या गाड्या खोळंबल्या. हल्ला खरं तर युक्रेनवर होता. तिथल्या करभरणीच्या एका प्रोग्रॅमच्या अपडेटमधून 'नॉटपेट्या' नावाचा किडा सोडला होता, तो पसरत पसरत कोपनहेगन गाठून न्हावाशेव्याला आला. (पुन्हा अपडेट. माझी खोटी होती, त्यांची खरी होती, आत विष.)

नॉटपेट्याची चिठ्ठी खंडणीची होती, पण ते सोंग होतं. पडद्यावर दाखवलेल्या आकड्यांचा किल्लीशी संबंधच नव्हता. पैसे भरणाऱ्याला काही मिळणं शक्यच नव्हतं, कारण किल्ली कुणाकडेच नव्हती. नुसती नासधूस. मर्स्कने दहा दिवसांत चार हजार सर्व्हर आणि पंचेचाळीस हजार संगणक नव्याने उभे केले. नुकसान पंचवीस ते तीस कोटी डॉलरच्या घरात.

ते उभे कसे राहिले, हे फार ऐकण्यासारखं आहे. कंपनीच्या साऱ्या जाळ्याचा नकाशा, म्हणजे कोण कर्मचारी, कुणाला कुठे प्रवेश, हे ज्या सर्व्हरांवर असतं ते जगभर मिळून दीडशेच्या आसपास होते. ते एकमेकांच्या नकला ठेवत. एक बिघडला तर दुसरा आहेच, ही योजना. सगळे एकाच वेळी जातील असं कुणाच्या मनात आलं नव्हतं. आणि सगळे एकाच वेळी गेले, कारण सगळे एकमेकांना जोडलेले होते. फक्त एक वाचला, आफ्रिकेत, घानामध्ये. का? तर हल्ल्याच्या आधी तिथली वीज गेली होती! वीज नाही म्हणून सर्व्हर बंद, बंद म्हणून जाळ्याबाहेर. त्यातला मजकूर जालावरून पाठवायला वेग पुरेना, मग घानाच्या कर्मचाऱ्याने तो विमानाने नायजेरियाला नेऊन दुसऱ्याच्या हाती दिला आणि तो इंग्लंडला पोचला. त्यावर सारा डोलारा परत उभा राहिला.

आयुष्यभर लोडशेडिंगला शिव्या घातलेला माणूस मी. हे वाचलं तेव्हा हसलो, आणि मग जरा गप्प बसलो. कारण माझ्या बाबतीतही हेच उलट बाजूने घडलं होतं.

*

झालं असं. हा स्टॉप प्रोग्रॅम काम सुरू करताना मालकाच्या सर्व्हरकडून तुमच्यापुरती वेगळी किल्ली मागवतो. त्या क्षणी इंटरनेट बंद असेल किंवा सर्व्हर लागला नाही, तर तो स्वतःजवळची एक ठरावीक किल्ली वापरतो, जी अनेकांना सारखीच असते. ती कुणा एकाकडून कळली की बाकीचेही सुटतात. ऑक्टोबर २०१९मध्ये एमसीसॉफ्ट या कंपनीने अशांसाठी सोडवणूक-प्रोग्रॅम फुकट दिला. त्या वर्षीच्या ऑगस्टपर्यंतच्या जुन्या प्रकारांतली एक खोट पकडून १४८ प्रकार त्यात घेतले होते. नव्या प्रकारांत मात्र चोरांनी कुलूप नीट केलं. त्यात ठरावीक किल्लीवालेच सुटतात. भाचीने माझ्या चिठ्ठीतला ओळखक्रमांक पाहिला. शेवटी ठरावीक किल्लीची खूण नव्हती. म्हणजे किल्ली खास माझ्यासाठी बनवलेली.

आमच्या सावेडीत इंटरनेट आठवड्यातून तीनदा जातं. त्या दिवशी मात्र अगदी उत्तम चालू होतं.

पैसे भरायचे का, यावर दोन दिवस झोप नव्हती. निम्म्या दरानेही छत्तीस-सदतीस हजार रुपये. पेन्शनीतून निघाले असते. भाची एवढंच म्हणाली, "मामा, दिलेत तर किल्ली येईलच असं नाही. आणि आली, तरी तुमच्या पैशावर पुढचा माणूस अडकेल." बहात्तर तास तसेच जाऊ दिले. धैर्य वगैरे काही नाही, ठरवता आलं नाही म्हणून गेले.

आणि मग चौथ्या दिवशी तिचा फोन. "मामा, मुद्रणांच्या फायली केवढ्या आहेत?" मी म्हटलं, कुठली पाच एमबी, कुठली अठरा. "मग ऐका. हा चोर घाईतला आहे. लवकर उरकावं म्हणून प्रत्येक फाइलचा फक्त पहिला साधारण दीडशे केबी भाग कुलपात घालतो. बाकीची फाइल जशीच्या तशी असते."

माझ्या डोक्यात प्रकाश पडायला वेळ लागला. वर्डच्या फायली छोट्या, दीडशे केबीच्या आतल्या. त्या संपूर्ण गेल्या. पण ध्वनीची एमपी-३ फाइल म्हणजे लहान लहान तुकड्यांची माळ, प्रत्येक तुकडा आपल्यापुरता पुरा. पुढचे मणी फोडले तरी मागचे वाजतात. माझ्या मुद्रणांच्या दर्जाला दीडशे केबी म्हणजे सुमारे दहा सेकंद. तिने सांगितल्याप्रमाणे एका फाइलची नक्कल केली, नक्कलच, मूळ नव्हे, आणि तिचं शेपूट काढून चालवली. आधी शांतता. मग एकदम मधूनच आई गायला लागली.

त्या दिवशी मी फार वेळ काही बोललो नाही.

*

एक्केचाळीसच्या एक्केचाळीस मुद्रणं परत आली, प्रत्येकाची पहिली दहा सेकंदं सोडून. टंकलेल्या वीस मुद्रणांच्या ओव्या मी २०१३ साली दिवाळीला भाचीला विरोपाने पाठवल्या होत्या, त्या तिच्याकडे निघाल्या. नक्कल म्हणून नव्हत्या पाठवल्या, कौतुक करून घ्यायला पाठवल्या होत्या! गावच्या इतिहासाची टिपणं मात्र गेली ती गेलीच. बंद फायली अजून एका वेगळ्या डिस्कवर ठेवल्या आहेत, कधी किल्ली निघाली तर.

उरली एकवीस मुद्रणं, ज्यांची पहिली ओवी डोक्यावाचून होती. आणि इथे मला लीळाचरित्र पुन्हा आठवलं.

म्हाइंभट आपल्या नगर जिल्ह्यातलेच, सराळ्याचे. चक्रधरस्वामींच्या आठवणी त्यांनी ज्याने जे पाहिलं-ऐकलं त्याच्याकडे जाऊन विचारून, ताडून गोळा केल्या आणि १२७८च्या सुमारास ऋद्धिपुरी ग्रंथ सिद्ध केला. पुढे खलजींच्या स्वाऱ्यांच्या धामधुमीत ती मूळ पोथी नाहीशी झाली. एकच पोथी, दुसरी नाही. मग पंथातल्या लोकांनी तो ग्रंथ आठवणीतून पुन्हा लिहिला. हिराइसा नावाच्या बाईला तो मुखोद्गत होता असं परंपरा सांगते, आणि तिच्या आठवणीतून उतरलेल्या पाठाला आजही हिराइसा पाठ म्हणतात. ज्या पंथाने पोथ्यांना एवढी कुलपं घातली, त्याचा मुख्य ग्रंथ वाचला तो मात्र एका बाईच्या स्मरणामुळे, जिथे कुठली फौज पोचू शकत नव्हती.

माझी हिराइसा म्हणजे धाकटी मावशी. आईहून सात वर्षांनी लहान, तेव्हा त्र्याऐंशीची, गावीच राहायची. दोघी लहानपणी एकाच जात्यावर बसलेल्या. टाळेबंदीमुळे जाता येत नव्हतं. फोन लावला आणि एक मुद्रण स्पीकरवर ऐकवलं. मावशी आधी काही बोललीच नाही. मग म्हणाली, "अरे, अर्ध्यातून कशाला लावतोस? पहिल्यापासून लाव की." मी म्हटलं, "मावशी, पहिलं गेलंय गं. तेच तुला विचारतोय." तिने घसा खाकरला आणि सुरुवात केली. तिच्या ओळी संपल्या तिथे आईच्या सुरू झाल्या.

रोज दुपारी एक, असे तीन आठवडे. एकवीसपैकी सतरा सुरुवाती मावशीने दिल्या. चार तिला आठवल्या नाहीत, आणि तिने आपल्या मनाने काही भरलंही नाही. मास्तरकीची खोड म्हणून मी तिला टंकलेल्यांपैकीही काही विचारल्या. काही ठिकाणी तिचा शब्द आईपेक्षा वेगळा निघाला. मी दुरुस्त केला नाही. वहीत समासात लिहिलं, 'मावशीचा पाठ'. २०२३ साली मावशीही गेली. आता ती वही, तिचे स्कॅन आणि सगळी मुद्रणं पाच घरांत आहेत.

एक गोष्ट मात्र कुणालाच देता आली नाही. गायच्या आधी आई नेहमी काहीतरी बोलायची. "झालं का रे चालू?", "पंखा बंद कर", "सूनबाईला म्हणावं दूध उतू जाईल". ती पहिल्या दहा सेकंदांतली वाक्यं. ओव्या मावशीला पाठ होत्या, हे कुणाला पाठ असणार? मला वाटायचं ती कापून टाकावीत, मुद्रण स्वच्छ होईल. चोराने ती नेमकी नेली.

*

जाता जाता माझ्या सहकाऱ्याला सांगितलं ते तुम्हालाही सांगतो. असं झालंच तर पहिल्यांदा इंटरनेट तोडा आणि जोडलेले पेन-ड्राइव्ह काढा. बंद फायली आणि चिठ्ठी पुसू नका, वेगळ्या डिस्कवर ठेवा. 'नो मोअर रॅन्सम' नावाचं संकेतस्थळ आहे, २०१६ साली डच पोलीस, युरोपोल आणि दोन अँटिव्हायरस कंपन्यांनी मिळून सुरू केलेलं. तिथे बंद फाइल आणि चिठ्ठी दाखवली की जात कळते, आणि किल्ली निघालेली असेल तर फुकट मिळते. आज नसेल तर पुढे निघू शकते. क्रिप्टोलॉकरच्या चोरांचं जाळं पोलिसांनी २०१४ साली मोडलं आणि त्याच वर्षी अनेकांच्या किल्ल्या मोकळ्या झाल्या. संगणक संपूर्ण पुसून नव्याने उभा करा. सगळे पासवर्ड दुसऱ्या यंत्रावरून बदला, कारण स्टॉपसोबत पासवर्ड चोरणारा भुरटाही अनेकदा येतो. राष्ट्रीय सायबर गुन्हे पोर्टलवर तक्रार करा, हेल्पलाइन १९३०. मी तेव्हा केली नाही, कारण चोरीचा प्रोग्रॅम मीच उतरवला होता. ती लाज चुकीच्या ठिकाणी होती. आणि 'सोडवून देतो' म्हणून आगाऊ पैसे मागणाऱ्यांपासून चार हात दूर राहा.

पण हे सगळं नंतरचं. आधीचं एवढंच, की जे जपायचं त्याच्या तीन प्रती ठेवा. दोन वेगवेगळ्या साधनांवर, आणि एक घराबाहेर. त्यातली एक तरी कशालाही न जोडलेली हवी. जोडून ठेवलेला पेन-ड्राइव्ह म्हणजे नक्कल नव्हे, तो त्याच खोलीतला दुसरा ओलीस. घानाचा सर्व्हर वाचला तो बंद होता म्हणून, आणि ओव्या वाचल्या त्या गावी एका म्हातारीच्या डोक्यात होत्या म्हणून.

माझ्या सहकाऱ्याच्या फायलींची जात अजून कळायची आहे. उद्या त्यांच्याकडे जातोय. तुमच्यापैकी ज्यांच्या घरी कुणाचा आवाज, कुणाचं हस्ताक्षर संगणकात पडून आहे, त्यांनी आजच एक प्रत काढून कपाटात ठेवावी. आणि हो, मुद्रण करताना सुरुवातीची बडबड कापू नका.